बाय, उन्हाळ्याचा अर्ज दिवाळीत भर

उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या संशोधनाचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे निघतात, बाय. एप्रिलात चौकशी करणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. आपल्या करावे गावातली हुशार पोरं मला दरवर्षी परीक्षा संपली की विचारायला येतात, आणि दरवर्षी मला सांगावं लागतं की ती दारं हिवाळ्यातच बंद झाली. मार्कांत ती कमी नसतात. तारीख माहीत नसते आणि विचारायची लाज वाटते, एवढंच आड येतं. तू आता दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणून तुला वेळेत सांगून ठेवते.

सगळ्यात आधी विज्ञान अकादम्यांची फेलोशिप लक्षात ठेव. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, म्हणजे सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये उभी केलेली, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तिघी मिळून ती देतात. निवड झाली की दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं. विद्यावेतन मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि नोव्हेंबरात संपतो. त्यात तुला काय करायचंय ते थोडक्यात लिहायचं असतं आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, म्हणजे टीआयएफआरचा, विद्यार्थी कार्यक्रम आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची उन्हाळी फेलोशिप यांचे अर्जही हिवाळ्यातच निघतात. कोणत्या वर्षाच्या मुलांना घेतात हे विषयागणिक बदलतं, म्हणून अटींचं पान शेवटपर्यंत वाच. मैत्रिणीने सांगितलेल्या अटीवर विसंबू नकोस. माझ्याकडे अजूनही मुलं के.व्ही.पी.वाय. शिष्यवृत्तीची चौकशी करत येतात. ती योजना बंद झाली. ज्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते, त्यांच्या वर्षाच्या ऐंशी हजारांतले वीस हजार उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठीच असतात, हेही त्या मुलांना पुष्कळदा ठाऊक नसतं.

आता जवळचं दार. सीवूड्सहून गाडीत बसलीस की नेरूळ, जुईनगर, सानपाडा, वाशी आणि मग मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचंच. गावातली कितीतरी माणसं रोज त्याच गाडीने पुढे जातात आणि तिथे काय चालतं ते त्यांना ठाऊक नसतं. २००४ पासून तिथे एनआययूएस नावाचा कार्यक्रम चालतो, खास पदवीच्या मुलांसाठी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र असे वेगवेगळे वर्ग असतात. आधी शिबिर होतं, आणि त्यातून निवडलेल्या मुलांना एखादा प्रकल्प देतात, जो पुढे वर्ष-दीड वर्ष सुट्ट्यांमधून चालतो. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दोन महिन्यांच्या फेलोशिपमध्ये तू काम शिकेपर्यंत निघायची वेळ येते. इथे चुकायला आणि पुन्हा करून बघायला उसंत मिळते. तिथे मुलं सुरुवातीच्या वर्षांतच घेतात, म्हणून हे नाव तुझ्या धाकट्या भावाला आत्ताच सांग. तो गणित घेणार असेल तर त्याच्यासाठी एमटीटीएस आहे. मुंबई विद्यापीठात शिकवलेल्या एस. कुमरेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेलं उन्हाळी शिबिर. चार आठवडे फळ्यासमोर उभं राहून स्वतः सिद्ध करायचं. पाठांतर तिथे कामाचं नाही.

आणि पलीकडे नवीन पनवेलला भूचुंबकत्वाची राष्ट्रीय संस्था आहे. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय नोंद मुंबईत विजेच्या ट्राम धावणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, कारण विजेच्या प्रवाहाने सुया हलल्या असत्या. ती नोंद अजून चालू आहे आणि ती सांभाळणारी संस्था आपल्यापासून तासाभरावर आहे. खारघरला कर्करोगावर काम करणारं अ‍ॅक्ट्रेक आहे. प्रवासाला आणि राहायला पैसे लागतील म्हणून घाबरणाऱ्या घरांनी आधी या जागा बघाव्यात.

आता पत्राचं. जाहीर योजनेत नाव लागलं नाही तरी थेट शास्त्रज्ञाला लिहून पुष्कळ मुलांना जागा मिळते. जर्मनीच्या डाड या संस्थेची वाइज नावाची शिष्यवृत्ती आहे, त्यात तर तिकडचा प्राध्यापक तूच शोधायचा असतो. पण पत्र कसं लिहायचं हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. मुलं एकच मजकूर शंभर जणांना पाठवतात, वर 'रिस्पेक्टेड सर' लिहितात आणि समोर बाई असतात. ते पत्र कोणी उघडत नाही. तू पाचच जण निवड. प्रत्येकाचा एक तरी शोधनिबंध वाच. सगळा कळणार नाही, कळायची गरजही नाही. प्रस्तावना आणि आकृत्या नीट बघ आणि कुठे अडलीस ते टिपून ठेव. ते अडलेलंच तुझ्या पत्राचं भांडवल. पहिल्या ओळीत तू कोण, कुठल्या कॉलेजात, कितव्या वर्षाला. मग त्यांच्या कामातलं तू काय वाचलंस आणि कुठे प्रश्न पडला. मग तुला काय येतं: सूक्ष्मदर्शक लावता येतो, पायथनमध्ये थोडं लिहिता येतं, जे खरं आहे तेवढंच. शेवटी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकतेस. दहा-बारा ओळींच्या वर जाऊ नकोस. सोबत एका पानाचा परिचय आणि गुणपत्रक जोड. आधी मुद्दे मराठीत मांड, मग इंग्रजीत कर, म्हणजे वाक्यं पोकळ होणार नाहीत. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर एकदा नम्रपणे आठवण दे. दुसऱ्यांदा नको. त्यांना वेळ नसतो, त्यात तुझा अपमान नाही.

नकार आला तरी विचारणं थांबवू नकोस. १९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला तर रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. कमलाबाई स्वतः तिथे गेल्या आणि कारण विचारलं. शेवटी एक वर्ष काम बघून मग ठरवू, अशा अटींवर घेतलं. त्यांचं काम पाहून पुढे मुलींसाठी ती संस्था खुली झाली, आणि १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. कमला सोहोनी हे त्यांचं लग्नानंतरचं नाव तू पुस्तकात वाचलं असशील. त्या बंगळुरूला गेल्या तेव्हा तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या होत्या.

शिफारसपत्राबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ज्या सरांना तुझं नाव माहीत नाही त्यांच्याकडून पत्र घेऊ नकोस, मग ते विभागप्रमुख का असेनात. 'मुलगी नियमित व हुशार आहे' या ओळीने कोणाचं मन वळत नाही. प्रॅक्टिकलला तुझ्यासोबत उभ्या राहणाऱ्या बाईंनी लिहिलेलं 'हिचं द्रावण तीनदा चुकलं, तिने कारण शोधून काढलं' हे वाक्य वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं. अशा बाई तुला आत्ताच शोधल्या पाहिजेत. तास संपल्यावर थांबून प्रश्न विचार. पत्र हवं असेल तर तीन आठवडे आधी सांग, आणि सोबत तुझा अर्ज, गुणपत्रक, शेवटची तारीख एका कागदावर दे. आदल्या रात्री फोन करणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि अर्जात लिहायला काही हवं ना? ते तुझ्या उंबऱ्याशी आहे. पाम बीच रस्त्याच्या पलीकडे टी. एस. चाणक्यचं तळं बघ. थंडीपासून मेपर्यंत तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हे पक्षी ओहोटीला खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल पाण्याखाली गेला की त्यांना उथळ जागा हवी असते, म्हणून ते चाणक्य, एनआरआय आणि डीपीएसच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. तळ्यात पाणी येण्या-जाण्याची वाट बंद झाली तर ही जागा बिघडते. आता तू विचार कर: उधाणाच्या भरतीला तळ्यावर किती पक्षी येतात आणि भांगाच्या भरतीला किती? उधाणाला चिखल सगळा बुडतो, भांगाला थोडा उघडा राहतो. फरक दिसायला हवा. दिसला नाही तर का नाही?

हा प्रश्न मोजता येतो. भरती-ओहोटीचं कोष्टक घे, रोज दिवसाच्या भरतीच्या वेळी ठरलेल्या जागेवर उभी राहा, तारीख, वेळ, पाण्याची उंची, पक्ष्यांची संख्या, सोबत एक फोटो. थवा मोठा असला तर आधी दहाचा गट डोळ्यांनी ठरव आणि त्याने मोज. एकटी जाऊ नकोस आणि मनाई असेल तिथे पाऊल टाकू नकोस. खाडीत जाळं टाकलेल्या म्हाताऱ्यांना विचार, निवट्या आणि चिंबोऱ्या आधी कुठे मिळायच्या, आता कुठे मिळतात, आणि ते काय सांगतात तेही तारखेसह लिहून ठेव. तिथींचा आणि पाण्याचा हिशेब त्यांना कोष्टकाविना येतो. तीन महिन्यांची अशी वही असेल तर मुंबईच्या हॉर्नबिल हाउसमध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या माणसांना लिहायला तुझ्याकडे कारण असेल. विद्यापीठाच्या 'आविष्कार' स्पर्धेत पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो, तिथेही ती मांडता येईल. शहरातल्या मोठ्या कॉलेजांतल्या मुलांकडे ही खाडी नाही. नवी मुंबई वसवताना आपल्या लोकांच्या जमिनी गेल्या, मिठागरं गेली, पण भरतीची जाण घरात शिल्लक आहे. ती विज्ञानाच्या कामाला लागावी असं मला फार वाटतं.

पैशाचं स्पष्ट बोलते. विद्यावेतन बहुतेक ठिकाणी काम झाल्यावर हातात पडतं. पहिल्या महिन्याचं जेवण आणि वसतिगृहाची अनामत आपल्यालाच भरावी लागते. तेवढी रक्कम घरून आधी बाजूला काढून घे. खातं तुझ्या स्वतःच्या नावावर हवं. तिकिटं जपून ठेव, त्यांच्याशिवाय भाडं परत मिळत नाही. कॉलेजचं बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र फेब्रुवारीतच काढ. मेमध्ये ऑफिसात कोणी भेटत नाही. विद्यापीठाची परीक्षा लांबली तर लगेच कळव की चार दिवस उशिरा येईन. आधी कळवलं तर बहुतेक जण समजून घेतात. आणि प्रमाणपत्रासाठी तुझ्याकडूनच पैसे मागणारे, घरबसल्या महिन्याभरात 'रिसर्च इंटर्न' करून देतो म्हणणारे, यांच्याकडे वळूनही बघू नकोस. तो कागद कुठल्याच प्रयोगशाळेत चालत नाही.

घरातलं मी बघते. मे महिन्यात आपल्याकडे हळदी असतात, तुझ्या चुलतबहिणीचीही असेल. तू नसलीस तर बायका बोलतील. तुझ्या आईला मी सांगेन की वसतिगृह आत आवारातच असतं, मुलींचं वेगळं असतं, आणि तिथल्या बाईंचा फोन नंबर आम्ही घेऊन ठेवू. तू फक्त निवडीचं पत्र आलं त्याच दिवशी आईबाबांना दाखव. लपवून ठेवून शेवटी सांगितलंस की घरं अडून बसतात.

तिथे गेल्यावर पहिला आठवडा बघण्यात घालव. यंत्र कोण लावतं, कोण दुरुस्त करतं ते हेर. प्रयोगशाळा सहायकाला त्याच्या नावाने आणि 'दादा' म्हणून हाक मार. यंत्राबद्दल त्याला जे ठाऊक असतं ते पुस्तकात सापडत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेवल्याशिवाय बटण दाबू नकोस, आणि येत नसेल तर येत नाही असं सांग. वही शाईने लिही, तारीख घाल, पान फाडू नकोस, खोडायचं असेल तर एकच रेघ मार म्हणजे खालचं वाचता येईल. निकाल उलटा आला तरी तसाच लिही. इंग्रजी अडखळतंय म्हणून चर्चेत गप्प बसू नकोस. तिथे प्रश्न ऐकतात, उच्चार कोणी मोजत नाही. शेवटचे दहा दिवस फक्त लिहिण्यासाठी ठेव. निघण्याआधी तुझी सगळी मोजमापं नीट नावं देऊन त्यांच्या संगणकावर ठेव आणि मार्गदर्शकांना समोर बसून विचार की पुढे शिफारस द्याल का.

या आठवड्यात तीनच कामं कर. अकादमीच्या अर्जाची तारीख बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. कोणत्या बाईंकडून पत्र घ्यायचं ते ठरव. आणि तुला काय करायचंय ते दीडशे शब्दांत लिहून रविवारी दुपारी माझ्याकडे घेऊन ये. पहिला मसुदा वाईटच असतो, म्हणून चांगला होईपर्यंत थांबू नकोस.