चाळिशीनंतर वाढलेले एसजीपीटी

एसजीओटी व एसजीपीटी ही यकृतपेशींतील विकरे होत. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. साधारणतः 40 एककांच्या आत ती असावीत. त्यांच्या वाढीची मुख्य कारणे अशी :

1. सुटलेले पोट व मधुमेह यांमुळे यकृतात साठणारी चरबी.

2. दारू. यात एसजीओटी हे एसजीपीटीहून बरेच अधिक आढळते.

3. हिपॅटायटिस बी व सी. हे विषाणू वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतात.

4. औषधे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही त्यांपैकी होत. काढेही सर्वस्वी निर्धोक नव्हेत. 2020 मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. तरी आपण कोणता काढा घेतो, हे डॉक्टरांना सांगावेच.

यकृत सहसा दुखत नाही, म्हणून अहवाल कपाटात पडून राहतो आणि तेथेच घात होतो. क्षयाच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत; डॉक्टरांना विचारावे. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिसची तपासणी व उपचार मोफत आहेत. येरवडेकरांना ससून रुग्णालय नदीपलीकडेच आहे. घरातील कर्त्या माणसाने ही तपासणी टाळू नये.