चला, मांजर काढू या

मुलामुलींनो, तुमच्या घरात किंवा शेजारी चार-पाच वर्षांचे एखादे लहान मूल असेलच. संध्याकाळी तुम्ही अभ्यासाला बसता. तेवढ्यात ते येते आणि म्हणते, "आपा, मला मांजर काढून दे ना!" तुम्ही भराभर एक मांजर काढून देता. ते चित्र घेऊन पळते. दहा मिनिटांनी पुन्हा येते आणि म्हणते, "आता कुत्रा काढून दे!"

काढून देणे वेगळे आणि काढायला शिकवणे वेगळे. हा फरक मलाही उशिराच कळला.

मी नवीन शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. पहिलीच्या वर्गात चित्रकलेचा तास होता. एका मुलाला मांजर काही केल्या जमत नव्हते. मी त्याचा हात माझ्या हातात धरला आणि त्याच्या कागदावर छान मांजर काढले. वर्गातील मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, मुलगा खूश झाला असेल. शाळा सुटली. पाहतो तर काय, चित्र बाकावरच पडलेले! दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, "बेटा, चित्र घरी का नेले नाहीस?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, ते माझं नाही. ते तुमचं आहे."

चूक माझी होती. त्या दिवसापासून मी एक नियम केला. मुलाच्या कागदाला आपला हात लावायचा नाही.

आता तुम्ही शिक्षक व्हा. दोन मोठे कागद घ्या. जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजूही चालेल. एक कागद तुमच्यापुढे ठेवा, एक लहान भावंडापुढे. त्याला बारीक टोकाची पेन्सिल देऊ नका, जाड खडू द्या. लहान मुलांच्या बोटांत अजून पुरेशी ताकद नसते. जाड खडू त्यांना नीट धरता येतो. खोडरबर मात्र दूर ठेवा. तो हाताशी असला की मूल काढते कमी आणि खोडते जास्त.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेऊ. मांजराचे पिल्लू पाहिले की आपल्याला त्याला उचलून घ्यावेसे वाटते. मोठ्या बोक्याला पाहून तसे वाटत नाही. असे का होते? कोनराड लॉरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ साली या प्रश्नावर लिहिले. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे असे, की बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते. कपाळ उंच असते. डोळे मोठे आणि चेहऱ्यावर थोडे खाली असतात. गाल फुगीर असतात. हातपाय आखूड आणि जाड असतात. हे सर्व जिथे दिसते, तिथे आपल्याला माया वाटते; मग ते माणसाचे बाळ असो की मांजराचे.

कार्टून काढणारे कलाकारही हेच करतात. मिकी माउस १९२८ साली पडद्यावर आला. तेव्हा तो बराच सडपातळ होता. पुढील वर्षांत त्याचे डोके आणि डोळे मोठे होत गेले आणि तो अधिक गोंडस दिसू लागला. त्याच्या हाताला अंगठा धरून चारच बोटे असतात, हे तुमच्या लक्षात आले आहे का? कार्टूनमध्ये सर्व काही काढायचे नसते. महत्त्वाचे तेवढे मोठे करायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे.

चला, आता मांजर काढू या. तुम्ही एक पायरी तुमच्या कागदावर काढा आणि थांबा. भावंडाची पायरी पूर्ण झाली की मगच पुढे जा.

पहिली पायरी : एक मोठा गोल काढा. हे डोके. त्याच्या खाली, त्याला चिकटून, थोडा लहान गोल काढा. हे पोट. गोल वाकडा झाला तरी चालेल. वाकड्या गोलाचे मांजर गुबगुबीत दिसते.

दुसरी पायरी : डोक्यावर दोन कान काढा. साधारणपणे तीन वर्षांच्या मुलाला गोल काढता येतो. पण त्रिकोण जमायला पाच वर्षे लागतात. म्हणून लहानग्याने टोकदार कानाऐवजी टेकडीसारखा कान काढला, तर तोच बरोबर माना.

तिसरी पायरी : डोक्याच्या गोलाच्या मध्यापेक्षा थोडे खाली दोन मोठे डोळे काढा. दोघांमध्ये भरपूर जागा सोडा. प्रत्येक डोळा काळा रंगवा. पण आत एक लहान पांढरा ठिपका राहू द्या. त्या ठिपक्याने डोळ्यांत चमक येते.

चौथी पायरी : आता उर्दूतील 'नून' हे अक्षर आठवा. खाली वाटी आणि वर नुक्ता. नुक्ता म्हणजे नाक आणि वाटी म्हणजे हसणारे तोंड! तुमच्या भावंडाने नून गिरवले असेल, तर मांजराचे तोंड त्याला आधीच येते.

पाचवी पायरी : मिशा काढा. खऱ्या मांजराच्या प्रत्येक गालावर साधारण बारा मिशा असतात. आपल्या मांजराला तीन-तीन पुरेत.

सहावी पायरी : पोटाखाली चार आखूड पाय काढा. शेवटी शेपटी काढा. ती अलिफसारखी उभी असू द्या, फक्त टोक जरा वाकवा. मांजर खुशीत आपल्याकडे येते तेव्हा शेपटी अशीच उभी धरते.

चित्र पूर्ण झाले. आता सर्वांत अवघड काम! ते म्हणजे हसायचे नाही आणि सुधारायचेही नाही. पाय पाच झाले असतील, डोळा गालावर घसरला असेल. "हे चुकले" असे म्हणू नका. विचारा, "तुझे मांजर कुठे निघाले आहे?" मूल तुम्हाला एक गोष्ट सांगेल. ती गोष्ट मन लावून ऐका.

त्या पहिलीतल्या मुलाचे पुढे काय झाले? काही दिवसांनी मी माझा कागद घेऊन त्याच्या शेजारी बसलो. मी एक गोल काढला आणि थांबलो. बराच वेळ तो नुसता पाहत राहिला. मग त्याने खडू उचलला. त्याचे मांजर एका बाजूला कलले होते. एक कान मोठा, एक लहान. मिशा फक्त डाव्या गालावर होत्या. मी विचारले, "उजव्या मिशा कुठे गेल्या?" तो म्हणाला, "सर, दूध पिताना भिजल्या. म्हणून दिसत नाहीत."

शाळा सुटल्यावर मी त्याच्या बाकाजवळ गेलो. बाक रिकामा होता. मांजर त्याच्याबरोबर घरी गेले होते.

मुलांनो, आज संध्याकाळी कोणी "मांजर काढून दे" म्हणत आले, तर दोन कागद घ्या.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुलाने पहिले चित्र घरी का नेले नाही?
(आ) लहान मुलाला जाड खडू का द्यावा?
(इ) डोळ्यांत चमक कशामुळे येते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मांजराचे पिल्लू गोंडस का दिसते?
(आ) 'काढून देणे' आणि 'काढायला शिकवणे' यांत काय फरक आहे?

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
मोठा, वर, आखूड, अवघड, रिकामा

उपक्रम : लहान भावंडाला सहा पायऱ्यांनी मांजर काढायला शिकवा. त्याने सांगितलेली मांजराची गोष्ट मराठीत पाच वाक्यांत लिहा.