डिझेलमध्ये रॉकेल घालावं का?

प्रश्न : आम्ही मूळचे मनमाडचे, सध्या चंदीगडला सेक्टर 43 मध्ये राहतो. इथल्या बसस्टँडवरून हिमाचलच्या गाड्या सुटतात. जानेवारीत आमची डिझेल गाडी घेऊन स्पितीला जायचा विचार आहे. एक ड्रायव्हर म्हणाले, "टाकीत थोडं रॉकेल घाला, डिझेल गोठणार नाही." हे खरं आहे का? आणि कायद्यात बसतं का?
— एक वाचक, चंदीगड

उत्तर : गोठण्याबद्दल ते सांगतात ते खरं आहे, तरीही रॉकेल घालू नका.

रॉकेल आणि डिझेल एकाच कच्च्या तेलातून निघतात. रॉकेल साधारण 150 ते 300 अंश सेल्सिअसला उकळणारा भाग, तर डिझेल त्याहून जड. डिझेलमध्ये मेणासारखे घटक असतात. कडाक्याच्या थंडीत त्यांचे कण धरतात, डिझेल गढूळ होतं, फिल्टर चोंदतो आणि गाडी जागची हलत नाही. रॉकेलमध्ये हे मेण कमी. विमानाचं इंधन म्हणजे काटेकोरपणे शुद्ध केलेलं रॉकेलच, आणि ते उणे 47 अंशांपर्यंत गोठत नाही. म्हणून पूर्वी लडाख-स्पितीत लोक सर्रास रॉकेल मिसळायचे.

पण आजच्या इंजिनात इंधनाचा पंप आणि इंजेक्टर यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. तिथला दाब हवेच्या दाबाच्या हजार-दोन हजार पट असतो. पातळ, कोरडं रॉकेल गेलं की हे भाग झिजू लागतात. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत फक्त 10 भाग असतं. रॉकेलमध्ये ते कितीतरी जास्त चालतं, आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा त्यानेच निकामी होते.

आता कायदा. 1993 च्या रॉकेल आदेशानुसार रेशनचं निळं रॉकेल स्वयंपाक आणि दिव्यासाठीच आहे. पेट्रोल-डिझेलमधली भेसळ 2005 च्या आदेशाने बंद आहे. हे दोन्ही आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचे, आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चंदीगड तर 2016 मध्ये रॉकेलमुक्त शहर म्हणून जाहीर झालं. तेव्हा कुणी तुम्हाला कॅन आणून दिलाच, तर ते रॉकेल आलं कुठून, हे आधी विचारा.

तुम्ही मनमाडचे, म्हणून एक आठवण करून द्यायलाच हवी. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडलगतच्या पानेवाडीजवळ तेलाची भेसळ चालू असताना पकडली. त्यांना तिथेच रॉकेल ओतून जिवंत जाळलं. त्या काळी रेशनचं रॉकेल लिटरला बारा-तेरा रुपये आणि डिझेल चाळिशीच्या आसपास. या फरकावर टोळ्या पोसल्या जात होत्या. गोरगरिबांच्या चुलीसाठी आलेलं तेल टँकरमध्ये जिरत होतं आणि ते अडवणाऱ्या अधिकाऱ्याचा जीव गेला. मार्च 2020 पासून रॉकेलवरची सबसिडी संपली, त्यामुळे हा फरक आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पण "थोडंसं घातलं तर काय होतं" ही सवय त्याच दिवसांतली आहे, आणि ती मोडायलाच हवी.

तुमच्या प्रवासाची सोय मात्र झाली आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं. लडाख, कारगिल, काझा आणि केलाँग हे भाग डोळ्यांसमोर ठेवूनच ते काढलं. चंदीगडला टाकी काठोकाठ भरू नका. वर पोचेपर्यंत ती बरीच उतरू द्या आणि तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल आहे का विचारून मगच भरा. निघण्याआधी डिझेल फिल्टर बदलून घ्या.

सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर टाकीखाली जाळ करून शेकण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो मुळीच ऐकू नका. साध्या डिझेलची वाफ 35 अंशांनंतर कधीही पेट घेऊ शकते, आणि जाळावर धरलेला पत्रा तेवढा तापायला वेळ लागत नाही. ऊन वर येईपर्यंत थांबा.