रात्रीच्या गावातला पाहुणा

दोन प्रदेशांचे मद्य, कर आणि वयोमर्यादा यांविषयीचे कायदे वेगवेगळे असले की ज्या बाजूला ते सैल असतात त्या बाजूला रात्रीचा बाजार उभा राहतो, आणि ज्या बाजूला ते कडक असतात तिकडचे तरुण त्या बाजाराचे गिऱ्हाईक होतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती, तेव्हा सीमेपलीकडचे तिहुआना हे मेक्सिकन शहर याच कारणाने भरभराटीला आले. बंदी उठल्यावरही तिकडचा ओघ आटला नाही, कारण पुढे अमेरिकेत मद्यपानाचे किमान वय २१ झाले आणि मेक्सिकोत ते १८ राहिले. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यातले नाते या बाबतीत फारसे वेगळे नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यपानासाठी परवाना लागतो आणि बिअर-वाइनसाठी २१, तर कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. गोव्यात ही अट १८ वर्षांची असून दारूही पुष्कळ स्वस्त मिळते. नाशिकचे स्थान या व्यवहारात दुहेरी आहे. इथून मंगला एक्स्प्रेसने किंवा मनमाडहून गोवा एक्स्प्रेसने तरुणांचे गट गोव्याला जातात, आणि राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी असलेल्या गुजरातेतून शनिवार-रविवारी तशाच गटांच्या गाड्या गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरींकडे येतात. म्हणजे पाहुणा होणे आणि पाहुण्यांचा त्रास सोसणे, हे दोन्ही नाशिककराच्या परिचयाचे आहे. पुढील विवेचनात या दुसऱ्या अनुभवाचा उपयोग पहिल्यासाठी करायचा आहे.

गोव्याच्या रात्रीच्या बाजाराचे केंद्र म्हणजे बार्देश तालुक्यातील कांदोळी, कळंगुट, बागा, हडफडे आणि हणजूण ही किनारपट्टी. बागा येथे १९७१ मध्ये टिटोज हे लहानसे उपाहारगृह सुरू झाले आणि आज त्याच्याच नावाने ओळखली जाणारी गल्ली देशभर प्रसिद्ध आहे. तथापि, ही वस्ती म्हणजे शहराने आखून दिलेला करमणुकीचा विभाग नसून ती गावे आहेत, त्यांना पंचायती आहेत, कळंगुटला सेंट अॅलेक्सचे जुने चर्च आहे, आणि ज्या वेळी शेवटचा क्लब दिवे मालवतो त्याच सुमारास सायकलवर पावांची टोपली बांधलेला पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत घरोघर फिरू लागतो. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे गाव दिसत नाही, कारण तो पोहोचतो तेव्हा अंधार पडलेला असतो आणि उठतो तेव्हा दुपार झालेली असते. रात्रीच्या वस्तीतले बहुतेक धोके या न दिसण्यातून जन्मतात. आपण कुणाच्या तरी दारात आलो आहोत ही जाणीव ज्याला असते, त्याचे चालणे, बोलणे आणि खर्च करणे आपोआप बेताचे होते, आणि असा माणूस लुबाडणाऱ्याच्या नजरेत भरत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी की मुक्कामाच्या पहिल्या दिवशी तो सगळा परिसर उजेडात पायी हिंडून पाहावा. मुख्य रस्ता कोणता, आपल्या निवासाकडे वळणारी गल्ली कोणत्या खुणेजवळ आहे, पोलीस ठाणे आणि औषधाचे दुकान कुठे आहे, कोणत्या वाटेवर दिवे नाहीत, हे दिवसा अर्ध्या तासात कळते आणि रात्री दोन वाजता कुणालाही विचारून कळत नाही. या फेरफटक्याचा दुसरा लाभ असा की चहावाला, औषधविक्रेता, निवासाचा व्यवस्थापक अशा दोन-तीन स्थानिकांशी ओळख होते. गोव्यात मराठी पुष्कळांना समजते आणि मराठी वृत्तपत्रेही वाचली जातात. त्यामुळे नाशिककराला हिंदी-इंग्रजीचा आधार न घेता बोलता येते, ही सोय दिल्ली किंवा हैदराबादहून आलेल्या पाहुण्याला नसते. ती वापरली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मिसळून जाणे म्हणजे स्थानिक असल्याचे सोंग आणणे असा समज आढळतो, पण तसे सोंग कुणालाच वठत नाही. फुलाफुलांचा नवा शर्ट, गळ्यात अडकवलेला मोबाइल, हातात उघडी बाटली आणि रस्त्याच्या मधोमध थांबून एकमेकांना मारलेल्या हाका या खुणांवरून नुकताच उतरलेला गट शंभर पावलांवरून ओळखू येतो. उलट, साधे कपडे, पायांत धड चप्पल किंवा बूट, कुठे जायचे ते ठाऊक असलेली चाल आणि खालचा आवाज एवढ्याने भागते. उघड्या अंगाने फिरणे समुद्रावर खपते, गावात खपत नाही. अनोळखी स्त्रियांची छायाचित्रे काढणे हा सर्वांत वाईट प्रकार असून तो गुन्हाही ठरू शकतो. किनाऱ्यावर किंवा उघड्या जागेत दारू पिणे हे २०१९ मधील कायदादुरुस्तीने दंडनीय झाले, आणि पर्यटनस्थळी उपद्रव करणाऱ्यांसाठीच्या दंडाची कमाल मर्यादा २०२५ मध्ये एक लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास देशभर मनाई आहे. भाड्याच्या बंगल्यात स्पीकर लावणाऱ्या गटांकडे पोलीस येतात ते बहुधा याच कारणाने, आणि तक्रार करणारा शेजारी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत असतो.

या वस्तीतला खरा सापळा मात्र दलालांचा आहे आणि त्याची रीत नीट समजून घेणे आवश्यक आहे. बागा रस्त्यावर उशिरा पाहुण्याच्या बाजूने चालू लागणारा माणूस प्रथम नाव विचारत नाही, गाव विचारतो. ‘नाशिक’ असे उत्तर मिळाले की तो त्र्यंबकेश्वराचा उल्लेख करतो, आपला कुणी भाऊ सिडकोत किंवा सातपूरला कामाला असल्याचे सांगतो, आणि ‘दादा, प्रवेश फुकट आहे, फक्त बिअरचे पैसे द्या, आवडले नाही तर निघून या’ अशी गळ घालतो. नेण्यात येते ती जागा मुख्य रस्त्यावर नसते. आत अंधार असतो, भाव छापलेले मेन्यू कार्ड नसते किंवा मागूनही दिसत नाही, टेबलावर न बोलावता कुणीतरी येऊन बसते आणि त्या व्यक्तीचे पेय पाहुण्याच्या खात्यावर चढू लागते. बिल येते तेव्हा आकडा हजारांत असतो, दाराशी धिप्पाड माणसे उभी असतात, आणि रोख नसल्यास मोबाइल पुढे केला जातो. हा व्यवहार टिकून आहे तो दांडगाईइतकाच लाजेवर, कारण घरी काय सांगायचे या विवंचनेने पाहुणा सकाळी तक्रार न करताच परतीच्या गाडीत बसतो आणि त्याच जागी पुढच्या रात्री दुसरा गट बसवला जातो. मुंबईत अलीकडे डेटिंग अॅपवरून ओळख वाढवून ठरावीक बारमध्ये बोलावण्याचे जे प्रकार उघडकीस आले, त्यांची घडणही हीच आहे.

यावर उपाय असा की पहिल्या प्रश्नाचेच उत्तर देऊ नये. मान हलवून ‘नको’ म्हणावे आणि वेग न बदलता चालत राहावे, कारण थांबून दिलेला सभ्य नकार हीही दलालाच्या दृष्टीने बोलणीच असतात. जागा आपण निवडावी, भाव छापलेले कार्ड पाहिल्याशिवाय काही मागवू नये, आणि दर फेरीचे बिल त्या त्या वेळी चुकते करावे, म्हणजे शेवटी वाद घालण्यासारखे काही उरत नाही. सेवाशुल्क, म्हणजे बिलात परस्पर जोडलेली बक्षिशीची रक्कम, ग्राहकावर सक्तीने लादता येत नाही असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केले असून त्यासाठी १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. इतके करूनही सापडल्यास तिथे हुज्जत घालू नये. पैसे द्यावेच लागले तर नोंद राहील अशा मार्गाने द्यावेत, बाहेर पडून उजेडात यावे आणि त्याच रात्री ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. यूपीआयच्या नोंदीत रक्कम कुणाच्या खात्यात गेली ते दिसते, आणि हा पुरावा पाहुण्याच्याच हातात असतो.

पेयाविषयी एक गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. नाशिककराला वाइनची सवय असते, तिचे मद्यप्रमाण सुमारे १२ ते १४ टक्के असते, आणि त्याच अंदाजाने तो भारतात सामान्यतः ४२.८ टक्के प्रमाणाच्या कडक दारूचे किंवा तेवढ्याच तीव्रतेच्या काजू फेणीचे पेले रिचवतो. काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मे या महिन्यांत, मिळणारा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या वाफेची सौम्य दारू, लिंबाच्या सोड्यात मिसळला की सरबतासारखा लागतो आणि उन्हात किती प्यायलो याचा हिशेब राहत नाही. पेला टेबलावर सोडून नाचायला जाऊ नये, आणि गेल्यास परत येऊन नवा मागवावा. बाटली डोळ्यांसमोर उघडली जावी हा आग्रह धरण्यात कसलाही उद्धटपणा नाही. लाओसमधील वांग व्हिएंग येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले; मुंबईतील मालवणीत २०१५ मध्ये त्याच विषाने शंभराहून अधिक जीव घेतले. मिथेनॉलची लक्षणे बऱ्याच तासांनी दिसतात आणि प्रथम ती साध्या नशेसारखीच भासतात. दृष्टी अंधुक होणे, पोटात तीव्र दुखणे किंवा जोराने श्वास लागणे यांपैकी काही झाल्यास ‘झोपला की उतरेल’ असे म्हणत बसू नये, १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

याहूनही दुर्लक्षित विषय आगीचा आहे. मुंबईत कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ जण मृत्यू पावले, आणि त्यांतील अनेकांचे प्राण ज्वाळांनी नव्हे तर आसऱ्यासाठी शिरलेल्या स्वच्छतागृहातील धुराने घेतले. गोव्यात हडफडे येथील एका नाइटक्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागून २५ जण दगावले. त्यांतले बहुसंख्य तिथे राबणारे, दूरच्या राज्यांतून आलेले कर्मचारी होते आणि अरुंद वाटेमुळे अग्निशमन दलाचे बंब दूरच थांबले. या दोन्ही घटनांतून पाहुण्याने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. आत शिरल्यावर टेबल शोधण्याआधी दुसरे दार शोधावे आणि ते खरोखर उघडते का ते पाहावे. ते नसेल, कुलूपबंद असेल किंवा खोक्यांनी अडलेले असेल तर प्रवेशशुल्क गेले तरी बाहेर पडावे. लाकडी किंवा गवती छताखाली ठिणग्या उडवणारी आतषबाजी सुरू झाली तर तो उठण्याचा क्षण समजावा. धूर दिसताच खाली वाकून दाराकडे जावे, स्वच्छतागृहाकडे नव्हे. हे सांगताना घबराट पसरवण्याचा हेतू नाही. परंतु चार मित्रांपैकी एकाने एवढे पाहिले तर उरलेल्या तिघांचेही रक्षण होते.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर रात्री सोबत एक रात्रीपुरतीच रक्कम असावी, यूपीआयशी थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडलेले असावे, मूळ आधारपत्र निवासावर राहावे, आणि निवासाचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण मोबाइलची बॅटरी संपते तेव्हा नकाशाही संपतो.

वाहनाचा निर्णय संध्याकाळीच व्हायला हवा. भाड्याच्या अधिकृत दुचाकीची पाटी काळी आणि तिच्यावरील अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतली तर अपघातानंतर विम्याची भरपाई अडते आणि पोलिसांचा दंड वेगळा बसतो. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि ही मर्यादा ओलांडायला फार पेले लागत नाहीत. गोव्यात इतर शहरांसारखी अॅपवरची टॅक्सी मागवताच मिळेल असे धरून चालू नये. निवासाच्या व्यवस्थापकाकडून एका टॅक्सीचालकाचा क्रमांक घेऊन परतीची वेळ आणि भाडे आधीच ठरवावे. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे, ज्यांना तिथे ‘पायलट’ म्हणतात, ते दिवसा जवळच्या अंतरासाठी उत्तम असतात.

स्त्रियांच्या गटांना वेगळे नियम शिकवण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्या हे सारे पुरुषांपेक्षा अधिक कसोशीने पाळतात, आणि उपदेशाची गरज सोबतच्या पुरुषांना अधिक असते. एकत्र गेलेल्यांनी एकत्रच परतावे, मैत्रीण ‘मी येते मागून’ म्हणाली तरी तिला मागे सोडू नये, आणि तिने नको म्हटलेला पेला कुणी तिच्या हातात देऊ नये. समुद्राच्या बाबतीत एकच अट आहे, पण ती पाळायलाच हवी. गोव्याच्या किनाऱ्यांवरील जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहापर्यंत पहारा देतात. सूर्यास्तानंतर आणि दारू प्यायल्यावर घोटाभर पाण्यातही जाऊ नये, कारण आत ओढणारा प्रवाह अंधारात दिसत नाही आणि वाचवणारेही तिथे कुणी नसते.

परतीचा प्रवास हा याच सूचनांचा भाग मानला पाहिजे. गोव्यात घेतलेल्या बाटल्यांवर त्या केवळ गोव्यात विकण्यासाठी असल्याचे छापलेले असते, आणि महाराष्ट्राचा कर न भरता त्या सीमेपार आणणे हा गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुली येथील उत्पादन शुल्क खात्याच्या नाक्यावर गाड्यांची आणि खासगी बसची झडती होते. बसमध्ये शेजारच्याने ‘जरा तुमच्या बॅगेत ठेवा’ म्हणून दिलेली बाटलीही ज्याच्या बॅगेत सापडते त्याचीच ठरते, म्हणून दुसऱ्याचे सामान स्वीकारू नये आणि आपली बॅग बसच्या डिकीत टाकण्यापूर्वी तिला स्वतःच्या हाताने कुलूप लावावे.