दाढेचा खर्च आणि मेडिक्लेमची हद्द

माझी मावशी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. मेडिक्लेमचा हप्ता तिने कधी चुकवला नाही. दाढ ठणकू लागली तेव्हा रूट कॅनॉल झालं, वर कॅप बसली, शेजारच्या रिकाम्या जागी इम्प्लांटही झाला. बिल पाच आकडी. एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, पावत्या नीट लावून तिने क्लेम पाठवला. ‘रुग्णालयात दाखल न होता घेतलेले दंतोपचार पॉलिसीत समाविष्ट नाहीत,’ असं उत्तर आलं. पॉलिसी विकताना एजंट म्हणाला होता, ‘बाई, पाच लाखांपर्यंत सगळं कव्हर आहे.’ आम्ही दोघींनी पॉलिसीची पानं ओळीने वाचली. नकार नियमाला धरूनच होता.

असं अनेक घरांत होतं. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात भरती झाल्यावर होणाऱ्या खर्चासाठी असतो. साधारणपणे किमान 24 तास दाखल असणं किंवा पॉलिसीत मान्य असलेली डे-केअर प्रक्रिया होणं, ही पहिली अट. दात भरणं, रूट कॅनॉल, ब्रिज, कवळी ही कामं दवाखान्यातल्या खुर्चीवरच उरकतात, म्हणून ती ओपीडीत मोडतात.

विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने 2020मध्ये आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत आजारामुळे किंवा दुखापतीमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे. तो वाचून लोकांना हायसं वाटतं. पण तो येतो रुग्णालयातल्या खर्चाच्या कलमाखाली. भरतीची अट तिथेही सुटत नाही.

ओळखीतल्या एका मुलाची दुचाकी घसरली आणि जबडा मोडला. शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली. तो क्लेम विनासायास मंजूर झाला. पडलेले दोन दात मात्र जबडा पूर्ण भरून आल्यावर, काही महिन्यांनी बसवले. तो खर्च घरच्यांनाच करावा लागला. रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या उपचारखर्चाला मुदत असते. ‘आरोग्य संजीवनी’त ती 60 दिवसांची आहे. तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. त्याची शस्त्रक्रिया दंतोपचारात गणली जात नाही, इतर मोठ्या आजारांप्रमाणेच तिचा विचार होतो.

मग करायचं काय?

पॉलिसीसोबत येणारं ग्राहक माहिती पत्रक आधी वाचावं. काय मिळतं, काय वगळलं आहे आणि प्रतीक्षा कालावधी किती, हे त्यात थोडक्यात असतं. 1 जानेवारी 2024पासून त्याचा नवा नमुना लागू झाला असून ते मराठीतूनही मागता येतं. मजकूर पटला नाही, तर नवी पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत परत करता येते.

ओपीडी किंवा डेंटल रायडर घेणाऱ्यांनी काही गोष्टी नेमक्या विचाराव्यात. ओपीडीत दात धरले आहेत का? वर्षाला किती रक्कम मिळेल? ठरावीक दवाखान्यांतच जावं लागेल का? कॅप, इम्प्लांट आणि तारा त्यात येतात का? रायडरचा जादा हप्ता आणि मिळणारी रक्कम शेजारी शेजारी लिहून पाहिली, की तो घ्यावा की नाही हे लगेच कळतं. मोठं काम काढण्याआधी डॉक्टरांचं अंदाजपत्रक कंपनीला ई-मेलने पाठवून लेखी उत्तर घ्यावं. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये.

विमा नसेल तिथे सरकारी दंत महाविद्यालयांचा मोठा आधार आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाविद्यालयांत खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात. रांग लावावी लागते, फेऱ्याही पडतात, पण काम प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतं.

आणि पॉलिसीत बसणारा क्लेम नाकारला गेला, तर गप्प बसू नये. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं; त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकाराचं पत्र मात्र जपून ठेवावं, कारण त्यानंतर एका वर्षाच्या आतच ही तक्रार करावी लागते.