जलाशयावरील पाहुणे पक्षी : ओळख, नोंद आणि पिकाचा हिशेब

सप्टेंबर लागला की बांधावर शेपटी वरखाली करणारा करडा धोबी दिसू लागतो. उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांची ही पहिली वर्दी समजावी. त्याच सुमारास भुवई बदके तलावांवर उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इतर बदके येतात आणि थंडी पडल्यावर पट्टकादंब व कांड्या करकोचे. मार्चपर्यंत बहुतेक पक्षी परततात. भुवई बदके मात्र आधी येऊनही बरीच उशिरा जातात.

गोदावरीवरील जायकवाडी, भीमेवरील उजनी, निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वर ही या पक्ष्यांची आपल्याकडील मोठी ठिकाणे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर-मध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरत गेला, त्यामुळे तेथे उथळ पाणी, पाणवनस्पती आणि लहान बेटे तयार झाली. सन २०२० मध्ये रामसर यादीत आलेले हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटा, पण बदकांना नेमके हेच हवे असते. प्लॅस्टिक अंथरलेल्या, उभ्या काठाच्या शेततळ्यावर म्हणूनच ती क्वचित दिसतात.

कोण काय खातो?

पाणी ओसरू लागले की काठावरच्या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू पेरला जातो आणि तेव्हापासून पक्ष्यांविषयी तक्रारी सुरू होतात. परंतु जलाशयावर दिसणारा प्रत्येक पक्षी पिकावर येत नाही. रोहित पक्षी चोच उलटी धरून पाण्यातील शेवाळ व सूक्ष्म जीव गाळून खातो. चपट्या, पळीसारख्या चोचीचा थापट्याही तसाच. शेकाट्या आणि तुतारी चिखलातील किडे टिपतात. या पक्ष्यांचा हरभऱ्याशी काही संबंध नाही.

बदके ओळखताना आधी रंग पाहू नयेत, कारण माद्या बहुतेक तपकिरीच असतात. खाण्याची रीत पाहावी. काही बदके शेपूट वर करून फक्त डोके पाण्यात घालतात व उडताना पाण्यावरून सरळ उसळतात. थापट्या, चक्रांग आणि टोकदार शेपटीचे तलवार बदक ही या गटातील. लालसरीसारखी बदके पूर्ण बुडी मारतात आणि उडण्यापूर्वी पाण्यावर धावतात. पहिल्या गटाला हातभर पाणी पुरते, दुसऱ्याला जास्त लागते.

पिकावर खरोखर उतरतात ते मुख्यतः पट्टकादंब, चक्रवाक आणि कांड्या करकोचे. पट्टकादंब म्हणजे पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखाडी हंस. मंगोलिया, तिबेट व लडाखकडील हा पक्षी हिमालय ओलांडून येतो आणि सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडाल्याची त्याची नोंद आहे. दिवसा तो वाळूच्या बेटावर विश्रांती घेतो आणि चरायला येतो तो मुख्यतः रात्री व पहाटे. म्हणून शेतकऱ्याला दिवसा दिसतात रोहित आणि बदके, अन् आळ त्यांच्यावर येतो.

नुकसान मोजावे कसे?

सकाळी शेतात गेल्यावर खुणा पाहाव्यात. हंसाची विष्ठा बोटासारखी लांबट, हिरवट व गवताच्या धाग्यांची असते. गोल, कोरड्या लेंड्या आणि सुरीने तिरपे कापल्यासारखे शेंडे आढळले तर तो ससा.

नुकसानीचा आकडा काढण्यासाठी उगवण होताच पाण्याकडील पट्ट्यात तीन ठिकाणी एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर तारेची जाळी उभी करावी. वरूनही दोऱ्या ओढाव्यात. प्रत्येक जाळीपासून चार-पाच पावलांवर तेवढीच उघडी जागा खुंट्यांनी आखून ठेवावी. काढणीला दोन्हींचे दाणे वेगवेगळे वाळवून तोलावेत व सरासरी काढावी. चौरस मीटरला एक ग्रॅम फरक म्हणजे एकरी सुमारे चार किलो. समजा जाळीत १२० आणि बाहेर १०० ग्रॅम हरभरा मिळाला, तर घट एकरी ८० किलो झाली. मात्र हा आकडा सबंध शेताला लावू नये. जेवढ्या पट्ट्यात विष्ठा व खुडल्याच्या खुणा होत्या, तेवढ्यालाच लावावा. हंसांना चारी बाजूंचे मोकळे दिसावे लागते, त्यामुळे उंच पिकात ते सहसा शिरत नाहीत आणि घट बहुधा पाण्यालगतच्या, उशिरा पेरलेल्या ठेंगण्या पट्ट्यातच असते.

फुलोऱ्यापूर्वी हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतःही खुडतो, तेव्हा हलकी चराई भरून निघू शकते. रोपे मुळासकट उपटली गेली किंवा ओल्या गाळात तुडवली गेली तर मात्र भरपाई होत नाही. अशा पट्ट्यात वाऱ्याने फडफडणारी चमकदार फीत लावावी आणि दर दोन-तीन दिवसांनी तिची जागा बदलावी. एकाच जागी राहिलेल्या बुजगावण्याला हंस लवकर सरावतात.

विष लावलेले दाणे टाकण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहेच, शिवाय ते विष गावातील कुत्र्यांना, मेलेला पक्षी शिजवून खाणाऱ्याला आणि जनावरे पितात त्या पाण्याला पोहोचते.

नोंदवही

नोंदीसाठी साधी वही पुरते. दिनांक, वेळ, पाण्याची पातळी, पक्षी, अंदाजे संख्या आणि तो काय करीत होता, एवढे आठवड्यातून एकदा लिहावे. मोठा थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा डोळ्यांना अंदाज द्यावा व मग तसे किती घास बसतात ते पाहावे. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या काठावर हंस कोणत्या आठवड्यात उतरतात ते कळते. त्या आधी पीक वीतभर वाढेल अशी पेरणी ठेवता येते. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिलाही या नोंदी उपयोगी पडतात.

मंगोलियात काही पट्टकादंबांच्या मानेत क्रमांकाचे पट्टे घातलेले आहेत व असे पक्षी भारतात दिसले आहेत. पायातील वाळे किंवा मानेतील पट्टा दिसल्यास रंग, क्रमांक, दिनांक व गाव लिहून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावे.

एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले आढळल्यास हात लावू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यास व वन विभागास लगेच कळवावे. हिमाचलातील पोंग जलाशयावर २०२०-२१ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने मेलेल्या पक्ष्यांत पट्टकादंबच अधिक होते. ज्यांच्याकडे कोंबड्या अथवा पाळीव बदके आहेत, त्यांनी ती हिवाळ्यात जलाशयावर सोडू नयेत आणि काठावरून परतल्यावर पादत्राणे धुऊनच खुराड्यात जावे.