हवा आणि वारा

मुलांनो, 'हवा' हा शब्द उर्दूत आहे तसा मराठीतही आहे. पण मराठीत वाहत्या हवेला बहुधा 'वारा' म्हणतात. 'हवा' स्त्रीलिंगी, 'वारा' पुल्लिंगी : हवा बदलली, वारा सुटला. 'मला पंखा हवा' या वाक्यात मात्र 'हवा' म्हणजे 'पाहिजे'.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले, तर औषध अंगावर येते. 'वाऱ्याच्या' हे 'वारा' या शब्दाचेच रूप आहे, हे लक्षात ठेवा. औषधाच्या डब्यावरील सूचना घरी मोठ्याने वाचून दाखवा.

स्वाध्याय : योग्य शब्द लिहा.
(1) सोसाट्याचा ____ सुटला.
(2) मला वही ____.